भिंतीवर प्रत, पेटीत मूळ

गतवर्षी दिवाळीपूर्वी सांगलीच्या आमच्या दुकानाचा पोटमाळा आवरताना वडिलांच्या एका हिशेबवहीत पिवळे पडलेले चिटोरे हाती लागले. फेब्रुवारी १९७३ मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर झालेल्या भारत-इंग्लंड कसोटीचे ते तिकीट होते. शेजारच्या पानावर त्यांच्या सुबक अक्षरात 'मुंबई प्रवास' अशी खर्चाची नोंद होती. सणावाराखेरीज ज्यांनी कधी दुकान सोडले नाही, ते क्रिकेटसाठी मुंबईपर्यंत गेले होते, हे मला त्यांच्या पश्चात कळले.

ते तिकीट इतिहासाचाही तुकडा आहे. १९७५ पासून मुंबईचे कसोटी सामने वानखेडेवर गेले आणि ब्रेबोर्नवर पुरुषांचा पुढील कसोटी सामना थेट २००९ साली झाला. शिवाय क्रिकेटचे प्रेम सांगलीकरांना नवे नाही. १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हाचे कर्णधार विजय हजारे यांचा जन्म सांगलीचाच.

तिकीट चौकटीत घालून भिंतीवर लावावे, असे घरात सर्वांनाच वाटले. मी मात्र थबकलो, कारण पूर्वी एक चूक माझ्या हातून घडली होती. वडिलांच्या तरुणपणच्या क्रिकेट संघाचे एकुलते एक छायाचित्र मी हौसेने काचेला चिकटून बसवले व बाहेरच्या भिंतीवर टांगले. दोन पावसाळ्यांत ते दमटपणाने काचेला चिकटले. काढू गेलो, तेव्हा वडिलांचा चेहरा काचेवर राहिला आणि हाती कोरा कागद आला.

बँकेत मूळ दस्तऐवज तिजोरीत ठेवून कामकाजासाठी प्रत वापरण्याचा दंडक मी पस्तीस वर्षे पाळला. घरीच तो विसरलो. या वेळी तो पाळला. तिकीट, वहीचे पान आणि जुनी कात्रणे ६०० डीपीआयवर स्कॅन करून घेतली व चकाकी नसलेल्या कागदावर छापली. गडद हिरव्या पुठ्ठ्यावर मध्यभागी तिकीट दुप्पट आकारात, डावीकडे वहीचे पान आणि उजवीकडे कात्रणे मांडली. वस्तू मोजक्याच घेतल्या. रिकाम्या जागेनेच चित्राला शोभा येते. वडिलांची पांढरी टोपी सपाट चौकटीत मावेना, म्हणून तिच्यासाठी दोन इंच खोलीची पेटीसारखी चौकट करून घेतली आणि टोपी चिकटवण्याऐवजी सुती दोऱ्याने टाचली.

काही पथ्ये अवश्य पाळावीत. काच व कागद यांच्यामध्ये माउंटची पट्टी असावी, म्हणजे दोहोंचा स्पर्श होत नाही. सेलोटेप व लॅमिनेशन टाळावे. टेपचा डिंक कालांतराने कागदात मुरून डाग पाडतो. वर्तमानपत्राचा कागद उजेडाने व हवेने पिवळा आणि ठिसूळ होतो, म्हणून मूळ कात्रणे आम्लरहित कागदात गुंडाळून कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावीत. चौकट उन्हासमोर किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नये. तिच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले, की हवा खेळती राहते.

आणखी एक गोष्ट मात्र पैशाने मिळत नाही. त्या संघातील खेळाडूंची नावे केवळ माझ्या काकांना ठाऊक होती. 'पुढच्या खेपेस लिहून घेऊ' असे मी म्हणत राहिलो आणि काका गेले. आज त्या छायाचित्रातील दहा जणांना ओळखणारे कोणी उरलेले नाही. तपशिलावाचूनची नोंद कोणताही लेखापरीक्षक मान्य करीत नाही. आमच्या घराच्या वहीतील ती नोंद तशीच राहिली.

म्हणून नव्या चौकटीच्या मागे मी एक कागद लावला आहे. तिकीट कोणाचे, कोठे सापडले, टोपी कोणी जपली, हे सारे त्यावर लिहिले आहे. आपल्याही घरी एखादी ट्रॉफी, बिल्ला वा कुस्तीच्या आखाड्यातील छायाचित्र असेल. चौकटवाल्याकडे जाण्यापूर्वी ते घेऊन घरातील ज्येष्ठांजवळ तासभर बसावे. चौकट पुढच्या महिन्यातही होईल.