पिकअपला बारमाही टायर कोणता घ्यावा?



या पानावर आम्ही लावण, खोडवा, हुमणी यांविषयी लिहीत असतो. या वेळी टायरवर लिहितो आहोत म्हणून कुणी हसले तर हसू द्या. आपल्या कार्यक्षेत्रात आता बऱ्याच वस्त्यांवर पिकअप उभी दिसते. बेणे, रोपांचे ट्रे, खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्या, वाढ्याच्या पेंढ्या, दुधाचे कॅन, सगळे तिच्यावरच. गट ऑफिसात आलेला माणूस उसाचे बोलून झाले की हमखास विचारतो, "साहेब, उन्हाळा-पावसाळा दोन्हीला चालेल असा टायर कुठला?"

आधी आमचीच चूक सांगतो. एका वर्षी आडसाली लावणीच्या वेळी रोपे वाहणारी एक पिकअप पाणंदीत सारखी रुतायची. आम्ही मालकाला आग्रह करून चारही चाकांना आडव्या खोल कापांचे, दणकट नक्षीचे टायर बसवायला लावले. चिखलात गाडी झकास चालली. आम्हीही खूश. पुढच्या मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पहिला पाऊस झाला. गाडी रिकामी परत येत होती. ओल्या डांबरावर ब्रेक लावताच मागची बाजू फिरली आणि गाडी पाटाच्या कडेला आडवी होऊन थांबली. हौद्यात दोन गडी बसले होते, त्यातल्या एकाचा हात मोडला. ऐन कामाच्या दिवसांत दोन महिने तो घरी बसला. हौद्यात माणसे बसवायलाच नको होती, हे खरे. पण टायर आमच्या सांगण्यावरून बसवले होते, हेही खरेच.

असे का झाले? खोल कापांच्या टायरचे रबर रस्त्याला थोड्याच जागी टेकते. मऊ चिखलात ते रुतून पकड घेते, पण ओल्या, गुळगुळीत डांबरावर तीच पकड कमी पडते. त्यातून पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि तेल मिळून साबणासारखा थर होतो. आणि रिकाम्या पिकअपची मागची बाजू मुळातच हलकी असते. पाटे ओझ्यासाठी केलेले, ओझे नसले की मागची चाके नुसती उड्या मारतात.

दुकानात कुणी "ऑल सीझन" म्हणून टायर दाखवला तर एवढे लक्षात ठेवावे, की हा शब्द बर्फाच्या मुलखातला आहे. तिकडे थंडी ७ अंशांच्या खाली गेली की साधे रबर कडक होऊ लागते, म्हणून हिवाळ्याचे टायर वेगळे लागतात. दोन्हींचे काम एकात भागावे म्हणून हा तिसरा प्रकार निघाला. टायरवर डोंगर आणि बर्फाच्या फुलाची खूण असते ती त्याच कामाची. त्या खुणेसाठी आपण जादा पैसे मोजण्याचे काहीच कारण नाही. आपली अडचण बर्फ नाही. जुलैतला काळा चिखल आणि एप्रिलमधले तापलेले डांबर ही आपली अडचण.

म्हणून वहीत हिशेब मांडावा. गाडी वर्षात किती किलोमीटर चालते आणि त्यातले चिखलात किती? बहुतेकांचे चिखलातले चालणे दोन-तीन महिन्यांचे, तेही वस्तीपासून सडकेपर्यंत. बाकी सगळे डांबर, खडी आणि मुरूम. अशा गाडीला पुढे लांब सरळ रेघांची नक्षी आणि मागे मध्यम कापांची मिश्र नक्षी ठेवावी. एका आसावरचे दोन्ही टायर मात्र एकाच मापाचे, एकाच जातीचे हवेत. एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला नायलॉन असे कधीच करू नये.

पण नक्षीच्या आधी ओझे बघायचे, आणि इथेच आपली माणसे फसतात. टायरवर "२१५/७५ आर १५" असे माप असते. रुंदी २१५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ७५ टक्के, "आर" म्हणजे रेडियल, रिम १५ इंची. त्याच्या पुढे एक आकडा असतो, तो ओझ्याचा. १०० असेल तर एका टायरला ८०० किलो, १०८ असेल तर १,००० किलो. समजा, भरलेल्या गाडीचे मागच्या आसावर १,९०० किलो येतात. १०० आकड्याचे दोन टायर १,६०० किलोच पेलतात. माप तेच, रिमला बसतोही छान, शिवाय स्वस्त. पण तो टायर त्या गाडीचा नव्हे. युरियाची गोणी ४५ किलोची. ४० गोण्या टाकल्या की १,८०० किलो झाले. आपल्या गाडीचे पासिंग किती, ते आरसी बुकात बघा आणि मग गोण्या मोजा.

आता हवा. टायर फुटला की लोक उन्हाला दोष देतात. ऊन भर घालतेच, पण बहुधा मूळ कारण कमी हवा असते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, आतून तापते आणि भरल्या गाडीत एक दिवस धडाका होतो. हवा सकाळी, टायर गार असताना मोजावी. दुपारी तापलेल्या टायरमध्ये हवा जास्त दिसते म्हणून कमी करणे ही फार वाईट सवय आहे. गार झाल्यावर तो टायर कमी हवेचाच राहतो. भरलेल्या गाडीची मागची हवा पुढच्यापेक्षा जास्त लागते. आकडा दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो, पंक्चरवाल्याच्या अंदाजाने भरू नये. चिखलातून निघायला थोडी हवा सोडली असेल, तर सडकेला लागण्याआधी भरलीच पाहिजे. आणि स्टेपनीत हवा आहे का, हे आज घरी जाऊन बघा.

घेताना टायरचे वयही वाचावे. बाजूवर चार आकडे असतात. "२७२३" म्हणजे २०२३ सालचा २७ वा आठवडा. दुकानात पडून राहिलेला टायर नवा दिसला तरी त्याचे रबर जुनेच. जोडी नवी घेतली तर ती मागे लावावी. आपल्याकडे नवे टायर पुढे घालायची पद्धत आहे, पण मागचे चाक घसरले तर स्टिअरिंग वळवून गाडी सावरणे फार अवघड. रिमोल्ड टायर पुढे तर नकोच. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की कायद्याने टायर बाद होतो; कापांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, त्यांच्या बरोबरीला नक्षी आली की समजावे. आम्ही म्हणू, पावसाळ्याआधी ३ मिलिमीटर तरी शिल्लक असावी. गोटा झालेल्या टायरवर जून काढू नये.

राहिला चिखल. काळ्या रानात वाफसा नसेल तर कसलीही नक्षी दोन फेऱ्यांत भरून जाते. गाडी रुतते, आणि चाकोरीखाली जमीन अशी दाबली जाते की तिथल्या उसाची मुळे वर्षभर कुढतात. आमच्या खात्याला टायरपेक्षा त्याचीच जास्त काळजी. रोपांचे ट्रे बांधावर उतरवून घ्यावेत आणि पुढे डोक्यावरून न्यावेत.

प्रत्येक गट ऑफिसात हवा मोजायचे मीटर ठेवले आहे. सकाळी नऊच्या आत गाडी घेऊन यावे. चिटबॉय मोजून देईल.