बाळाला न पचणारी साखर

आईच्या दुधात एक साखर अशी असते, जी बाळाला पचतच नाही. ती थोडीथोडकी नसते, लिटरमागे साधारण 5 ते 15 ग्रॅम असते. दुधातलं पाणी सोडलं तर लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर तिसरा क्रमांक तिचाच. तिचे दोनशेहून अधिक प्रकार शास्त्रज्ञांना सापडले आहेत. बाळंतपणानं थकलेलं शरीर रात्रंदिवस खपून हा पदार्थ तयार करतं आणि तो बाळाच्या जठरातून, लहान आतड्यातून जसाच्या तसा पुढे जातो. निसर्ग एवढी उधळपट्टी का करील?

उत्तर मोठ्या आतड्यात आहे. ही साखर बाळासाठी नसतेच, ती बाळाच्या पोटात राहणाऱ्या जिवाणूंचं अन्न असते. बायफिडोबॅक्टेरियम या कुळातला ‘इन्फॅन्टिस’ नावाचा जिवाणू तर ती अख्खीच्या अख्खी आत ओढून घेतो आणि मग फोडतो, म्हणजे आजूबाजूच्या उपद्रवी जिवाणूंना उष्टंही मिळत नाही. त्यातून जी आम्लं तयार होतात, त्यांनी आतडं आंबट राहतं आणि त्या आंबटपणात रोगजंतूंचं फावत नाही. शिवाय आतड्याच्या अस्तराला चिकटू पाहणारे काही रोगजंतू या साखरेलाच चिकटतात आणि शीवाटे बाहेर पडतात. आई एकाच वेळी दोन जिवांना पाजत असते, बाळाला आणि त्याच्या राखणदाराला.

हा राखणदार प्रथम पाहिला तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या हेन्री तिसिए यांनी, 1899 च्या सुमारास. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये त्यांना दोन फांद्या फुटल्यासारखे, इंग्रजी वाय अक्षरासारखे जिवाणू विपुल दिसले. आज ‘प्रोबायोटिक’ म्हणून जे थेंब आणि पुड्या औषधाच्या दुकानात मिळतात, त्यांच्यामागची मूळ कल्पना इतकी जुनी आहे.

या थेंबांचा खरोखर उपयोग होतो का? या प्रश्नाला जगातलं एक महत्त्वाचं उत्तर आपल्याच देशातून, ओडिशाच्या खेड्यांतून आलं. डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या 4,556 नवजात बाळांवर केलेला अभ्यास 2017 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. ही बाळं निरोगी होती. वजन किमान दोन किलो, गर्भात किमान 35 आठवडे पूर्ण झालेले. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच सुरुवात करून निम्म्या बाळांना सात दिवस एक पूड दिली. तिच्यात लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक विशिष्ट वाण होता आणि त्या जिवाणूची शिदोरी म्हणून फ्रुक्टोऑलिगोसॅकराइड ही साखर. उरलेल्या बाळांना दिसायला तशीच, पण जिवाणू नसलेली पूड. कुणाला कोणती मिळाली, हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. साठ दिवस लक्ष ठेवलं. साध्या पुडीच्या गटात 9 टक्के बाळांना जंतुदोष, म्हणजे सेप्सिस, किंवा मृत्यूनं गाठलं, तर जिवाणूंच्या गटात 5.4 टक्के. साधारण 27 बाळांना पूड दिली की एक बाळ या संकटातून वाचलं. फुप्फुसांचे संसर्गही कमी झाले.

हे आकडे वाचताना मला मनापासून आनंद होतो. पण त्याच अभ्यासातली आणखी एक ओळ डोळ्यांआड करता येत नाही. मृत्यू दोन्ही गटांत मोजकेच होते, साध्या पुडीच्या गटात चार आणि जिवाणूंच्या गटात सहा. म्हणजे फरक पडला तो आजारपणात. मृत्यू टळतात, असं या अभ्यासानं सिद्ध केलेलं नाही. आणि हा निकाल त्या एका वाणाचा, त्या साखरेसह, त्या खेड्यांतला आहे. हापूस आणि रायवळ दोन्ही आंबेच, पण रायवळ आणून हापूसची चव मागता येत नाही. जिवाणूंचंही तसंच आहे. खोक्यावर नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलं असेल आणि वाणाची खूण किंवा क्रमांक नसेल, तर आपण काय पाजतोय हे कुणालाच सांगता यायचं नाही.

घराघरांतला प्रश्न मात्र सेप्सिसचा नसतो, रडण्याचा असतो. संध्याकाळ झाली की बाळ मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन किंचाळतं. कुणी बेंबीभोवती हिंग लावतं, कुणी ओव्याचा शेक देतं, कुणी ग्राइप वॉटर आणतं. हल्ली त्यात प्रोबायोटिक थेंबांची भर पडली आहे. रॉयटेरी नावाच्या जिवाणूच्या एका वाणानं, डीएसएम 17938 नं, अंगावर पिणाऱ्या बाळांचं रडणं कमी होतं असं इटलीतल्या अभ्यासांत दिसलं. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात मात्र फायदा आढळला नाही. सगळे अभ्यास एकत्र मांडल्यावर निष्कर्ष असा निघाला की अंगावरच्या बाळांना उपयोग होऊ शकतो, डब्याच्या दुधावरच्या बाळांबद्दल तसं म्हणण्याइतका पुरावा नाही. हे रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून त्या काळात जे केलं ते लागू पडल्यासारखं वाटतं. बाळाला जुलाब झाले तर त्याचं उत्तर मात्र पक्कं आहे. अंगावरचं दूध चालू ठेवायचं, जीवनजल म्हणजे ओआरएस द्यायचं आणि 14 दिवस झिंक, सहा महिन्यांखालच्या बाळाला रोज 10 मिलिग्रॅम. नाजूक बाळाचे जुलाब डॉक्टरांना दाखवायचेच.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांची गोष्ट वेगळी. त्यांना आतड्याचा काही भाग सडण्याचा, नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस नावाचा भयंकर आजार होऊ शकतो. आईचं दूध मिळणाऱ्या आणि 32 आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांना प्रोबायोटिक देण्याचा विचार करता येईल, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये म्हटलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं रुग्णालयांना इशारा दिला. एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दिलेला प्रोबायोटिक जिवाणूच रक्तात भिनला होता आणि ते बाळ दगावलं होतं. म्हणून हा निर्णय अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांचाच, नातलगांनी बाहेरून आणलेल्या बाटलीचा नाही. या बाळांसाठी सर्वांत खात्रीचं काम मुंबईच्या शीव रुग्णालयात 1989 मध्ये सुरू झालं. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी तिथे आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभारली.

आता मधाबद्दल. जन्मल्याबरोबर बाळाला मध चाटवण्याची, गुटीत मध घालण्याची हौस आजही आहे. मधात बोट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात वस्तीला असलेले जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत. तान्ह्याच्या आतड्यात ती वस्ती अजून बसायची असते, तिथे बीजाणू रुजतात आणि त्यांच्या विषानं बाळ लुळं पडतं. वर्षाच्या आत मधाचं बोटही नको. सहाणेवर उगाळलेली गुटीही सहा महिने नको, सहाण आणि पाणी किती स्वच्छ आहे हे डोळ्यांना दिसत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत असं दिसलं की भारतात जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतली गेलेली बाळं फक्त 41.8 टक्के होती. पिवळसर, घट्ट चीक अजूनही कुठे कुठे पिळून टाकला जातो आणि ही राखणदाराची साखर त्या चिकातच सर्वांत जास्त असते. घरात कुणी बाळंत होणार असेल तर खोलीबाहेर थांबलेल्या आजीनं, मावशीनं, बाबांनी एवढं करावं. पेढे वाटायच्या आधी परिचारिकेला विचारावं, बाळाला छातीशी दिलंत का?