दिवाळीची छोटी भेट : कुकरचे नवे रबर

उसाच्या बिलाचा हप्ता हाती पडला, की दिवाळीला घरात नवी वस्तू येतेच. मिक्सर येतो, पंखा येतो, पोरांना मोबाईल येतो. पण रोज दोन वेळा गॅसवर चढणाऱ्या कुकरकडे बघतो कोण? रबर सैल झालेले, कडेने वाफ गळते, तरी "चालतंय की अजून" म्हणून तसाच रेटायचा.

मंडळी, कुकरची सगळी करामत दाबावर आहे. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या आसपास उकळते. कुकरात वाफ कोंडल्यामुळे ते १२० अंशांच्या घरात जाते. म्हणून तुरीची डाळ लवकर शिजते नि गॅस वाचतो. आपल्या कारखान्यात नेमके उलट चालते. व्हॅक्यूम पॅनमध्ये दाब कमी करून पाक कमी उष्णतेवर उकळतात, त्यामुळे साखर करपत नाही.

दाब कोंडायचा म्हटले, की जपणूक आलीच. डाळ-तांदूळ फुगतात, फेस धरतात. तेव्हा कुकर निम्म्याच्या वर भरू नये. शिट्टीची नळी उजेडात धरून मोकळी आहे ना, ते बघावे. वाफ पुरती जिरल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. सेफ्टी व्हॉल्व्ह गेला, तर त्याच कंपनीचा नवा बसवावा. नवा कुकर घेताना आयएसआय शिक्का पाहावा. २०२१ पासून तो सक्तीचा आहे.

मोटारीचा स्टार्टर जळाला, तर आपण दुसऱ्या दिवशी नवा बसवतो. मग घरच्या माऊलीच्या कुकरचे रबर बदलायला पुढच्या हप्त्याची वाट कशाला?