वडाळ्याची जुनी लॉरी

मुंबईत जुन्या मोटारींची मिरवणूक निघाली म्हणजे रस्त्याच्या दुतर्फा बघ्यांची दाटी होते. त्या मिरवणुकीत संस्थानिकांच्या व धनिकांच्या मोटारी दिमाखाने चालतात. पण आपला शेतमाल वाहून नेणारी लॉरी तीत क्वचितच आढळते. तिचा शोध घेण्यासाठी आम्ही वडाळ्यास गेलो.

हे स्थळ त्या कामी योग्यच होय. वडाळ्याच्या दक्षिणेस शिवडी. तेथे जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली परदेशी सुटे भाग जोडून मोटारी व लॉऱ्या तयार करण्यास आरंभ केला. ते काम १९५४ साली थांबले. उत्तरेस कुर्ला. वालचंदनगरच्या साखर कारखान्यामुळे आमच्या वाचकांस परिचित असलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली व १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज व फार्गो लॉऱ्या बाहेर पडू लागल्या.

वडाळ्याच्या एका आवारात अशीच एक फार्गो तिच्या मालकाने जपून ठेविली आहे. फुगीर तोंड, जाड पाटे, लाकडी हौदा आणि साखळीने अडकविलेला फाळका पाहून आम्हांस बालपणीचा बाजाराचा दिवस आठवला. बैलगाडीने स्टेशन गाठून डब्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यास, बांधावर माल भरून पहाटे अडत्याच्या दारी पोचण्याची सोय अशाच लॉरीने करून दिली. मिस्त्रीने यंत्र सुरू करून दाखविले. तो म्हणाला, "मूळचे पेट्रोलचे इंजिन केव्हाच गेले, हे डिझेलचे आहे. हौद्याच्या फळ्या तर दोनदा बदलल्या."

येथेच खरी अडचण आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली जी दुरुस्ती झाली, तिने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांस स्वतंत्र नोंदणी व वेगळी क्रमांकपाटी देऊ केली. परंतु ही सवलत खासगी वापराच्या दुचाकी व प्रवासी मोटारींपुरतीच असून वाहनाचे रूप मूळचे असावे अशी तीत अट आहे. मालवाहू लॉरी तीत बसत नाही. आणि कष्टाचे वाहन मूळ रूपात राहणार तरी कसे? नांगराचा फाळ झिजला की आपण बदलतोच; त्यामुळे तो नांगर परका होत नाही.

लॉरीची झालेली दुरुस्ती हाच तिचा इतिहास होय, असे आमचे मत आहे. सरकारने मालवाहू वाहनांसाठीही असा नियम करावा, अशी मागणी शेतकरी संघांनी केली पाहिजे. तोवर ज्यांच्या गोठ्यामागे जुनी लॉरी उभी असेल, त्यांनी ती भंगारात घालण्यापूर्वी तिचे नोंदणीपुस्तक, छायाचित्र व जुन्या भाड्याच्या पावत्या तरी जपून ठेवाव्यात, ही विनंती.