एकाच दिल्लीचे दोन पारे

मे महिन्यात दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात घाम पुसताना बातमी येते, ‘दिल्लीत इतके अंश!’ पण कुठल्या दिल्लीत? २९ मे २०२४ रोजी जवळच्या सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश नोंदले गेले, तर दिल्लीतल्याच मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्रात चक्क ५२.९!

हवेचं तापमान सावलीत मोजतात. तापमापीवर थेट ऊन पडलं तर ती हवेपेक्षा जास्त तापते. म्हणून पांढऱ्या, झडपांच्या पेटीत ती ठेवतात. तरीही उपकरण बिघडू शकतं. हवामान विभागाने प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहिलं, तेव्हा मुंगेशपूरचा संवेदक सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचं आढळलं.

बाजारात प्रत्येकाचं किलोचं माप वेगळं असेल, तर हिशेब जुळेल का? हवामान केंद्रांचंही तसंच. जागतिक हवामान संघटना म्हणूनच निरनिराळ्या यंत्रणांची केंद्रं एका व्यवस्थेत गुंफते. मोजण्याची रीत ठरलेली, उपकरणाची आणि भोवतालच्या जागेची नोंद ठेवलेली, आकडे शेजाऱ्यांशी ताडलेले. उद्याच्या अंदाजाला ताजा आकडा लागतो. हवामानबदल ओळखायला मात्र दशकानुदशकांची एकसारखी नोंदवही.