खुराक काय फक्त पैलवानालाच?

सातारा-सांगलीकडच्या माणसाला खुराक म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, तो हा मुलूख. तालमीत जाणाऱ्या पोराला दूध, अंडी कमी पडू नयेत म्हणून इथली घरं पोटाला चिमटा घेतात. पण मैत्रिणींनो, त्याच घरातल्या आजीच्या ताटात काय असतं, कधी नीट पाहिलंय?

सकाळी चहा-बिस्कीट. दुपारी भाकरी आणि आमटीचं वरचं पाणी. रात्री चहात कुस्करलेली चपाती. गोठ्यातलं दूध डेअरीला जातं, उरलेलं नातवंडांना. दात नाहीत म्हणून उसळ नको, पचत नाही म्हणून डाळ नको. त्यात उपवास, आणि उपवासाला साबुदाणा, म्हणजे नुसता स्टार्च!

बचत गटाच्या कामानिमित्त जत, आटपाडी, माण, खटावकडे फिरणं होतं. तिथल्या एका आजींना म्हटलं, "रोज पेलाभर दूध घेत जा." त्या हसून म्हणाल्या, "आता मला काय कुस्ती धरायची हाय व्हय गं?" पण कुस्ती तर त्या रोजच धरत होत्या! खाली बसलं की उठताना, पायरी चढताना, रात्री अंधारात मोरीकडे जाताना.

तिशीनंतर दर दहा वर्षांत आपले स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात. साठीनंतर हा वेग वाढतो. पायातली ताकद गेली की तोल जातो, माणूस पडतं, खुब्याचं हाड मोडतं आणि मग अंथरूण सुटत नाही. आपण म्हणतो, "वयच झालं!" वय होतंच, पण निम्मं काम कमी खाण्यानं केलेलं असतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. वृद्धांचं शरीर प्रथिनं तितकी नीट वापरत नाही. म्हणून त्यांना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम द्यावीत, असं तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ५० किलोच्या आजीला ५० ते ६० ग्रॅम.

हे महाग नाही बरं का! तीन भाकऱ्यांतून साधारण १५ ग्रॅम मिळतात. वाटीभर घट्ट वरण ७, मटकीची उसळ ७, पेलाभर दूध ६, मूठभर शेंगदाणे ७, वाटीभर दही ४, एक अंडं ६. झाले की ५२! शिवाय कोरेगावचा वाघ्या घेवडा आहे, दुष्काळी भागातला हुलगा आहे. दात नसतील तर हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याचा कूट, मऊ शिजवून घोटलेली उसळ द्या. आणि सगळं एकाच जेवणात नको, तिन्ही वेळांना थोडं थोडं. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

नुसतं खाऊनही भागत नाही, स्नायूंना काम हवं. अमेरिकेत १९९० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्वदीच्या आजी-आजोबांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम केला, तर पायांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. नव्वदीत!

घरी एक साधी परीक्षा घेऊन बघा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत सासूबाईंना बसवा, हात छातीवर घडी. हाताचा आधार न घेता पाच वेळा उठायचं-बसायचं. तुम्ही शेजारी उभ्या राहा. पंधरा सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर पाय कमजोर झालेत असं समजा आणि डॉक्टरांशी बोला. एरवी हेच उठणं-बसणं रोजचा व्यायाम म्हणून झेपेल तसं करायला लावा.

आणि हो, सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेली आमटी ओतून घेणाऱ्या आपणही आता चाळिशी ओलांडलेल्या आहोत. उद्यापासून डेअरीची किटली भरण्याआधी दोन पेले दूध बाजूला काढा. एक सासूबाईंचा, एक स्वतःचा.