हात सुटला की कळतो खरा तोल

बॅले शिकणाऱ्या मुलीच्या घरी एक दिवस हा प्रश्न हमखास येतो. सहा-सात वर्षं शिकूनही, दांड्याला धरून झोकात पाय उचलणारी आपली लेक वर्गाच्या मधोमध उभी राहिली की डगमगते का? याच वयात बऱ्याच मुली निराश होऊन नाच सोडतात. खरं तर इथे थोडी समजूत आणि योग्य सराव हवा असतो.

बॅलेच्या वर्गाचे ढोबळमानाने दोन भाग असतात. आधी 'बार', म्हणजे लाकडी दांड्याच्या आधाराने व्यायाम. मग 'सेंटर', म्हणजे आधाराशिवाय मोकळ्या जागेत संथ हालचाली, गिरक्या आणि उड्या. बारवर हात नकळत शरीराचा भार उचलतो. तो सुटला की उणीव उघडी पडते.

म्हणून सेंटरची तयारी बारवरच करावी. प्रत्येक व्यायामाच्या शेवटी हात अलगद उचलून पाहावा. शरीर हललं, तर काम हात करत होता असं समजावं. भार उभ्या पायाच्या पंजावर यावा आणि कंबर त्या पायावर सरळ उचललेली राहावी.

पाऊल नव्हे, मांडी फिरवा

पाय बाहेर वळवणं हा बॅलेचा पाया. हे वळण खुब्यातून आलं पाहिजे. बारच्या आधाराने पावलं जबरदस्तीने वळवता येतात, पण त्याचा ताण गुडघ्यावर आणि घोट्यावर पडतो. सेंटरमध्ये खुब्यातून जेवढं वळण टिकेल, तेवढंच आपलं मानावं.

बेंगळुरूच्या मुलींना इथे एक फायदा आहे. या शहरात याना लुईस यांच्या लुईस फाउंडेशन ऑफ क्लासिकल बॅलेसारखी संस्था उभी राहिली, तशीच भरतनाट्यमची परंपराही घरोघरी पोहोचलेली आहे. शहराबाहेर हेसरघट्टा इथे प्रोतिमा बेदी यांनी १९९० मध्ये ओडिसीसाठी 'नृत्यग्राम' स्थापन केलं. आपल्या या नृत्यांत दांडा नसतोच. भरतनाट्यमच्या अरैमंडीतही गुडघे बाहेर आणि पाठ ताठ असते. फरक एवढाच, की अरैमंडीत नर्तिका खाली स्थिरावून नाचते, तर बॅलेतला 'प्लिए' बहुधा वर उसळण्यासाठी असतो. दोन्ही शिकणाऱ्या मुलीने हा फरक ध्यानात ठेवावा.

गिरक्या मोजू नका

तीन गिरक्यांच्या हव्यासापायी एकही धड होत नाही. आधी पंजावर उठून स्थिर थांबावं, मग पाव गिरकी, अर्धी आणि शेवटी पूर्ण. नजर समोरच्या एका बिंदूवर ठेवावी. डोकं सर्वांत शेवटी वळावं आणि सर्वांत आधी परत यावं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांना २०१३ मध्ये असं आढळलं, की बॅले नर्तिकांचा मेंदू गरगरण्याची जाणीव दाबायला शिकतो. म्हणजे चक्कर न येणं हीदेखील सरावाची कमाई आहे.

संथ व्यायाम कंटाळवाणे म्हणून टाळू नयेत. पाय हळूहळू उचलून तसाच धरताना खरं बळ येतं. अधूनमधून आरशाकडे पाठ करून नाचावं. मग आपला तोल शरीराला आतून उमगू लागतो.

पालकांनी एवढं पाहावं

किशोरवयात उंची झपाट्याने वाढते, तेव्हा काल जमलेली गिरकी आज चुकू शकते. त्याला आळस म्हणू नका. काही महिने उड्या आणि गिरक्या कमी करून संथ सराव वाढवावा. गुडघा किंवा घोटा सतत दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. टोकदार 'पॉइंट' बूट शिक्षकांच्या परवानगीशिवाय घरी घालू देऊ नयेत.

आणि घरी आल्यावर "किती गिरक्या झाल्या?" असं विचारण्याऐवजी "आज किती वेळ स्थिर उभी राहिलीस?" असं विचारून पाहा. तिच्या मेहनतीचं खरं मोजमाप त्या उत्तरात मिळेल.